पान्याच्या पायाशी फ्लॉप्या

आमच्या वर्कशॉपातला देव म्हणजे एक पाना होता. चांगला हातभर लांब, काळाकुळकुळीत, माझ्या आजेसासऱ्यांच्या वापरातला. खंडेनवमीला त्याची पूजा व्हायची आणि तीही त्याला उभा करून. आमच्याकडं एक सरफेस ग्राइंडर होता. त्याचा बेड लोहचुंबकाचा, घासताना जॉब, म्हणजे घासायचा लोखंडी तुकडा, हलू नये म्हणून. बाजूचा दांडा ओढला की चुंबक धरायचा, मागं ढकलला की सोडायचा. माझे सासरे, म्हणजे मामंजी, आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून यायचे, पाना त्या बेडवर सरळ धरायचे, दांडा खट्कन ओढायचे आणि हात काढून घ्यायचे. पाना कशाचाही टेकू न घेता उभा! मग त्याला झेंडूची माळ, हळदकुंकू, आणि पायाशी छिन्न्या, हातोडे, ड्रिल. अख्ख्या उद्यमनगरात असा देव कुणाकडं नव्हता. शेजारच्या शेडांतली माणसं मुद्दाम बघायला यायची. "हलवून बघा की, पावणं," मामंजी म्हणायचे, आणि पावण्याला तो हलायचा नाही. त्या दिवशी त्यांच्या मिशीला वेगळाच पीळ असायचा.

मी तोंडाची फटकळ, आधीच सांगून ठेवते. लग्नाआधी निपाणीला ड्राफ्ट्समनचा कोर्स केला होता, वर्गात मुलगी म्हणून एकटीच. लग्न वर्कशॉपवाल्यांच्यात ठरलं तेव्हा वाटलं, चला, पेन्सिल हातात राहील. कसलं काय! पहिली काही वर्षं माझा आणि वर्कशॉपचा संबंध फक्त डब्यापुरता. सकाळी भाकरी-झुणका बांधून द्यायचा, संध्याकाळी तेलकट डबे घासायचे. ड्रॉइंग मामंजींच्या डोक्यात असायचं, नाहीतर फरशीवर खडूनं काढलेलं. फरशी झाडली की ड्रॉइंग गेलं. एकदा मी अत्तींना, म्हणजे सासूबाईंना, म्हटलंसुद्धा, "मला दिलं तर मी कागदावर नीट काढून देईन की."

त्या म्हणाल्या, "कागदावर भाकरी भाजतीस काय?"

मी तवा आपटला. दुसरं काय करणार?

पुढं नव्वदच्या दशकात, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका मोठ्या कंपनीचं काम मिळण्याची चिन्हं दिसू लागली. गिअरबॉक्सच्या झाकणाला भोकं पाडायची असतात, ते झाकण घट्ट धरून ठेवणारं एक फिक्श्चर करून द्यायचं होतं. त्यांची अट एकच, ड्रॉइंग कॉम्प्युटरवर केलेलं पाहिजे. नवऱ्यानं इकडं तिकडं शोधलं आणि शेवटी नजर माझ्यावर आली. म्हणजे काखेत कळसा म्हणतात तसं नव्हे, कळसा रोज त्याला डबा बांधून देत होता! मी राजारामपुरीतल्या एका क्लासला जाऊन डॉस शिकले, ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर शिकले. शेडच्या कोपऱ्यात प्लायवुडची खोली झाली. तिथं कॉम्प्युटर आला, टेबल आलं आणि माझी खुर्ची आली.

मामंजींनी दारात उभं राहून सगळं बघितलं. त्यांचा आवाज लेथपेक्षा मोठा. रागावलेत की नुसतं बोलतायत, ते परक्याला कळायचं नाही.

"फरशीवरलं मला दिसतंय," ते म्हणाले. "कागदावरलंबी दिसतंय. ह्या डब्यात काय हाय, ते मला न्हाई दिसत. दिवाळीपत्तोर बघू. कंपनीचं काम हातात आलं तर ऱ्हाऊ दे. न्हाईतर डबा परत, आणि सूनबाई घरात."

हे रागावून बोललेलं नव्हतं, ठरवून बोललेलं होतं. त्यामुळं मला जास्त धास्ती वाटली. ते फिक्श्चरचं ड्रॉइंग पास झालं तर माझी खुर्ची राहणार, नाहीतर मी पुन्हा तव्यापुढं. तव्याचं मला वाकडं नाही, पण त्या खुर्चीत बसलं की मला माझं स्वतःचं असं काहीतरी वाटायचं. ते आता सुटलं असतं तर मी रडून घर डोक्यावर घेतलं असतं.

सगळा पावसाळा त्या ड्रॉइंगमध्ये गेला. कागलचे साहेब लाल पेनानं खुणा करून परत पाठवायचे, मी दुरुस्त करायची, ते पुन्हा खुणा करायचे. शेवटची दुरुस्ती झाली दसऱ्याच्या तोंडावर. आता सण झाला की शाहूपुरीत जाऊन मोठ्या कागदावर छापून घ्यायचं, एवढंच उरलं होतं. जुनं छापलेलं सगळं लाल खुणांनी रद्द झालेलं. नवं होतं ते फक्त कॉम्प्युटरमध्ये आणि फ्लॉप्यांवर. फ्लॉपीवर रोज संध्याकाळी नक्कल करायची, हे क्लासमधल्या बाईंनी आमच्या डोक्यात अक्षरशः ठोकून बसवलं होतं. मी एक दिवस चुकवला नाही.

खंडेनवमीला मी घरी पुरण वाटत होते. तिकडं शेडमध्ये मामंजींनी पाना उभा केला, छिन्न्या मांडल्या आणि नवऱ्याला विचारलं, "सूनबाईचं हत्यार कुठलं?"

नवरा गडबडला. कॉम्प्युटर उचलून बेडवर ठेवता येत नव्हता, नशीब! त्यानं माझा फ्लॉप्यांचा डबा काढून दिला.

मी नैवेद्य घेऊन गेले आणि दारातच थबकले. पाना माळ घालून उभा, आणि त्याच्या पायाशी, छिन्नी आणि हातोड्याच्या मधे, माझ्या निळ्या-काळ्या फ्लॉप्या ओळीनं मांडलेल्या. प्रत्येकीला हळदकुंकवाचं बोट. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. डबा म्हणणारा माणूस तो, त्यानं माझ्या वस्तू आपल्या वडिलांच्या पान्याशेजारी ठेवल्या होत्या. मी ताट खाली ठेवलं आणि मनापासून नमस्कार केला.

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजींनी दांडा मागं ढकलला, पाना उतरवला आणि फ्लॉप्या माझ्या हातात दिल्या. "घे तुझी हत्यारं."

मी खोलीत जाऊन कॉम्प्युटर चालू केला. फिक्श्चरचं ड्रॉइंग एकदा डोळ्यांखालून घातलं, एक रेघ नीट केली आणि सेव्ह करायला सांगितलं. नेमकं तेव्हाच बाहेर सणानंतर पहिल्यांदा सगळी मशिनं एकदम सुरू झाली. दिवे मिणमिणले, पंखा मंदावला आणि माझा पडदा काळा. यूपीएस नावाची वस्तू तेव्हा आमच्याकडं नव्हती.

लाइट नीट झाली. कॉम्प्युटर पुन्हा चालू केला तर आतून कर्र कर्र असा आवाज, खडा आलेल्या जात्यासारखा. ड्रॉइंगच्या कप्प्यात डोकावले तर नावांच्या जागी नुसती चित्रविचित्र चिन्हं. पुढं काही उघडायला गेलं की एकच निरोप, सी ड्राइव्ह वाचताना चूक, सोडून देऊ, पुन्हा प्रयत्न करू, की हरलो म्हणू? मी पुन्हा प्रयत्न, पुन्हा प्रयत्न दाबत राहिले. उपयोग शून्य.

तरी मी घाबरले नाही. मनात म्हटलं, जा खड्ड्यात, माझ्याकडं फ्लॉप्या आहेत की! ऐटीत पहिली घातली. घरघर झाली आणि उत्तर आलं, वाचता येत नाही. दुसरी, तेच. तिसरी, तेच. कुंकू आत गेलं की काय म्हणून पत्र्याची झडप सरकवून बघितली. आतली फीत स्वच्छ होती. मी डोकं वर केलं, प्लायवुडच्या खिडकीतून समोर ग्राइंडर दिसला. बेडवर अजून झेंडूच्या पाकळ्या. आणि बाजूला तो दांडा.

अगं बाई गं!

लोहचुंबकाजवळ फ्लॉपी नेऊ नका, स्पीकरजवळसुद्धा ठेवू नका, हे बाईंनी कितीदा सांगितलेलं. शेडमधल्या प्रत्येकाला तो बेड चुंबकाचा आहे हे माहीत होतं आणि मला फ्लॉपीचं माहीत होतं. पण त्या दिवशी तिथं आम्हाला कुणालाच चुंबक दिसला नाही, देव दिसला. दोन दिवस माझ्या फ्लॉप्या त्या देवानं घट्ट धरून ठेवल्या होत्या आणि पुसून कोऱ्या करून परत दिल्या होत्या.

मी नवऱ्याला आत ओढलं, सगळं सांगितलं. तो मटकन स्टुलावर बसला. मामंजींना तो अप्पा म्हणायचा. हळूच म्हणाला, "अप्पांना सांगू नको. कधी नव्हे ते आपल्या मनानं केलं त्यांनी. जिवाला लावून घेतील."

माझ्यासारखीला गप्प बस म्हणणं म्हणजे! पण मी बसले गप्प. त्यांनी कुंकू लावताना बोट किती हळू टेकवलं होतं, ते फ्लॉपीवर अजून दिसत होतं.

कॉम्प्युटर दिला होता त्या दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "म्याडम, घिऊन या, फॉरमॅट मारूया. नव्यागत हुतंय."

"नव्यागत नको, मला जुन्यागत पाहिजे!" मी ओरडले आणि फोन ठेवला. फॉरमॅट म्हणजे उरलंसुरलं झाडून टाकणं, एवढं मला कळत होतं.

मग पाणी प्यायले. आणि क्लासमधली एक गोष्ट आठवली. डिस्क बिघडली तर घाईनं हात घालायचा नाही. डॉसच्या काळ्या पडद्यावर नुसतं चेकडिस्क लिहायचं. तेवढ्यानं ते फक्त बघतं, कशाला हात लावत नाही. आधी बघायचं, दुरुस्ती मागाहून. मी लिहिलं. दोनदा स्पेलिंग चुकलं. थोड्या वेळानं उत्तर आलं, बरेच तुकडे असे सापडलेत की ते कुणाचे, याचा पत्ता नाही, स्कॅनडिस्क चालवा. तुकडे सापडलेत! म्हणजे पाटीवरचं नाव पुसलंय, पण घर जागेवर आहे.

स्कॅनडिस्क सुरू केलं, तर त्यानं विचारलं, काही बिघडलं तर मागं यायची सोय म्हणून एक चांगली फ्लॉपी द्या. मला हसावं की रडावं कळेना. त्या कोऱ्यांतलीच एक घेऊन फॉरमॅट केली. झाली बिचारी मुकाट्यानं. फ्लॉप्या धडधाकट होत्या, फक्त आतलं सगळं विसरल्या होत्या.

पडदा निळा झाला आणि त्यावर बारीक बारीक चौकोनांची जाळी आली. डिस्कचा एकेक भाग तपासून एकेक चौकोन पुढं सरकत होता, मुंगीच्या पावलानं. मी हात मांडीवर ठेवून बसले. त्यात करण्यासारखं काहीच नसतं, हेच वाईट. बाहेरून अत्तींचा आवाज आला. त्या घरून माझा डबा घेऊन आल्या होत्या, उलटंच! दारातून डोकावून त्यांनी कानडीत विचारलं, "एनातु?" काय झालं?

"काही नाही, तपासतीय," मी म्हटलं. माझ्या आवाजावरून त्यांना काय ते कळलं असावं. त्यांनी जाऊन मामंजींना पाठवलं.

मामंजी आले, स्टूल ओढून माझ्याशेजारी बसले. पहिल्यांदाच. त्या खोलीत ते कधी बसलेले नव्हते.

"काय चाललंय?"

"लाइट गेल्यानं डिस्क बिघडलीय. कुठं चांगली आहे, कुठं खराब, ते बघतोय तो."

बराच वेळ ते चौकोनांकडं टक लावून बघत राहिले. मग एका चौकोनात खराबची खूण उमटली. मी पदरानं कपाळ पुसलं. मामंजी मात्र एकदम खूश झाले. "आरं तिच्या! ह्यो तर कास्टिंग ठोकून बघतोय की! आपन न्हाई काय, फाउंड्रीतनं माल आला की हातोडीनं एकेक ठोकून बघतो? खणखणीत वाजलं, घेतलं. बद्द वाजलं, की खडूची खूण आणि बाजूला."

"अगदी तसंच," मी म्हटलं. खरोखर तसंच होतं.

"मग एवढा घाम कशाला आलाय तुला? फुटकं बाजूला गेलं तर बरंच की."

"फुटक्यात आपलं फिक्श्चर असलं तर?"

टेबलावरची एक फ्लॉपी उचलून त्यांनी उलटीसुलटी केली. "आणि ह्यात काय असतंय?"

"फीत. कॅसेटमधली असते तसलीच, गोल कापलेली."

"कॅसेटगत," ते म्हणाले. झडप सरकवून बघितली, सोडली. फ्लॉपी जागेवर ठेवली आणि खिडकीतून बाहेर बघत बसले. फ्लॉपीवरच्या नकलेवरून काढून घे की, असं ते म्हणतील आणि मला खोटं बोलावं लागेल, म्हणून मी धास्तावले होते. पण तो विषय त्यांनी काढलाच नाही.

चौकोन संपले तेव्हा बाहेर संध्याकाळचा चहा येत होता. खराबच्या खुणा मोजक्याच होत्या. स्कॅनडिस्कनं विचारलं, सापडलेले तुकडे ठेवू की टाकू? टाकू विचारतोय, मुर्दाडा! मी ठेव म्हटलं. त्यानं सगळे तुकडे एका ठिकाणी आणून ठेवले, पण नावं नाहीत. नुसते आकडे, फाइल शून्य, फाइल एक, फाइल दोन, असे. कुठल्या तुकड्यात काय, ते उघडल्याशिवाय कळणार नव्हतं.

एकेक बघायला लागले. ड्रॉइंगची फाइल असली की तिच्या सुरुवातीलाच ठरावीक अक्षरं असतात, मागं सगळी गिचमिड. ती अक्षरं नसतील ती फाइल सोडायची. पहिली सोडली, दुसरी सोडली. तिसरीत अक्षरं दिसली. तिच्या नावाच्या शेपटाला ड्रॉइंगची तीन अक्षरं जोडून उघडली. काळ्या पडद्यावर पांढऱ्या रेघा हळूहळू उमटल्या.

"ह्यो पंपाचा ब्रॅकेट," मामंजी माझ्याआधी बोलले. "शिरोळवाल्यांचा."

"तुम्हाला दिसतोय?"

"न दिसाया काय झालं? उजवीकडलं भोक जरा आत घ्याया पाहिजे हुतं."

मी नाव दिलं, पंप ब्रॅकेट. पुढची उघडली. ते ओळखायचे, मी नाव द्यायची. अत्ती चहाचे कप घेऊन मागं उभ्या होत्या, म्हणाल्या, "बारसं चाललंय जणू." आणि मग एक फाइल उघडली, त्यात आधी मोठा चौकोन आला, मग चार पाय, मग झाकण बसवायची गोल खाच, आणि कोपऱ्यात मी सकाळी नीट केलेली ती रेघसुद्धा. फिक्श्चर! माझं फिक्श्चर!

मी टाळी वाजवली की किंचाळले, मला आठवत नाही. नवरा लेथ तसाच चालू सोडून धावत आला, एवढं आठवतं. माझा जीव भांड्यात पडला. इतकं हलकं वाटलं, की खुर्चीवरून उठले आणि परत बसले. मी रडत होते आणि हसत होते आणि चहा निवत होता. त्यातल्या बुशचा, म्हणजे ड्रिल सरळ जावं म्हणून बसवायच्या नळीचा, एक छोटा कागद मात्र खराबच्या खुणेत कायमचा गेला. जाऊ दे. तो मी परत काढला, पहिल्यापेक्षा चांगला.

सगळ्या कोऱ्या फ्लॉप्या फॉरमॅट करून त्यांवर नकला घेतल्या, मगच घरी गेले. पुढं शाहूपुरीत छापून घेतलं, नवऱ्यानं कागलला नेऊन दिलं आणि दिवाळीच्या आधी काम मिळालं. दिवाळी आली, गेली. डबा परत द्यायचं कुणी नाव काढलं नाही. मीही आठवण करून दिली नाही, एवढी वेडी नव्हते.

पण मनात एक कुसळ राहिलं होतं. पुढच्या खंडेनवमीला काय? मामंजी पुन्हा फ्लॉप्या मागणार, पुन्हा पाना उभा करणार. नको म्हणायचं तर कारण सांगावं लागेल, आणि कारण सांगायचं नाही असं आम्ही ठरवलेलं. सण जवळ आला तसा मी फ्लॉप्यांचा डबा गुपचूप घरी आणून स्वयंपाकघरात तुरीच्या डाळीमागं लपवला.

खंडेनवमीला नैवेद्य घेऊन गेले, तर मामंजींनी दारातच अडवलं. "हत्यारं कुठं हाईत तुझी?"

"घरी राहिली, मामंजी."

"मग जा, घिऊन ये."

सगळ्यांपुढं काय बोलणार? परत गेले. डाळीमागचा डबा काढला. सगळ्याच्या नकला खोलीतल्या कॉम्प्युटरमध्ये होत्या, तरी डबा छातीशी धरूनच निघाले. वाटेत ठरवलं की आता सांगून टाकायचं, त्यांना वाईट वाटलं तर वाटू दे.

शेडमध्ये आले तर कामगार एकमेकांकडं बघत होते. ग्राइंडरच्या बेडवर पाना होता. माळ घातलेला, हळदकुंकू लावलेला, आणि आडवा. अंगाखाली लाल फडकं घालून निजवलेला. बाजूचा दांडा मागं ढकललेला होता आणि कुणी चुकून ओढू नये म्हणून सुतळीनं आवळून बांधलेला.

मी नवऱ्याकडं बघितलं. त्यानं गळ्याला चिमटा घेऊन खुणावलं, शप्पथ, मी नाही सांगितलं. मला कॅसेटगत म्हणून खिडकीबाहेर बघत बसलेले मामंजी आठवले. सगळा जन्म त्या चुंबकापाशी गेलेला माणूस. त्यांना कुणी सांगायची काय गरज होती?

त्यांनी माझ्या हातातला डबा घेतला. एकेक फ्लॉपी काढून पान्याशेजारी मांडली, तशीच ओळीनं, आणि प्रत्येकीला बोट टेकवलं. तेवढ्यात पलीकडच्या शेडमधले एक पावणे नेहमीप्रमाणं देव बघायला आले आणि आत पाऊल टाकताच म्हणाले, "आं? मालक, औंदा देव आडवा?"

"व्हय," मामंजी म्हणाले. "औंदापास्नं आडवाच. शेजारी आमच्या सूनबाईचं हत्यार हाय न्हवं."

आणि हे ते इतक्या मोठ्यांदा म्हणाले, की पावण्यांच्या शेडमध्येसुद्धा ऐकू गेलं असणार.